वाचनालयाची साइट: वर्डप्रेस, ड्रुपल, भाड्याची की घरचा कोड?

गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असलेल्या ताईंचा हा प्रश्न आहे. थोडक्यात सांगायचं तर २०१७ साली एका सभासदाच्या मुलाने वाचनालयाची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर फुकट करून दिली. मुलगा आता कॅनडात. जाताना सांगून गेला, 'अपडेटच्या बटणाला हात लावू नका, साइट मोडेल.' तेव्हापासून कोणी लावला नाही. मागच्या महिन्यात होस्टिंगवाल्याने (साइटला सर्व्हरवर जागा देणाऱ्याने) तिथल्या पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) आवृत्ती बदलली आणि साइटच्या जागी कोरं पांढरं पान दिसायला लागलं. आता एक एजन्सी म्हणते ड्रुपल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर नवी करू. कार्यवाहांना दरमहा भाड्याने मिळणारी तयार सेवा बरी वाटते. ग्रंथपालांचा भाचा म्हणतो, 'मावशी, मी सगळं नव्याने लिहून देतो.' ताईंना स्वतःला थोडं पीएचपी येतं. काय निवडावं आणि पुस्तकांच्या यादीसाठी स्वतः प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) लिहायला घ्यावं का, असं त्या विचारतात.

ताई, आधी त्या पांढऱ्या पानाचं बघू, कारण त्या पानाच्या धसक्याने घेतलेला निर्णय बहुतेक वेळा महागात पडतो. तुमची साइट कुठे गेलेली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८.० आलं तेव्हा 'क्रिएट-फंक्शन', 'ईच' अशी काही जुनी फंक्शनं कायमची काढून टाकली गेली. २०१७ च्या थीममध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइल्समध्ये) किंवा एखाद्या प्लगइनमध्ये त्यातलं एक जरी असेल तर नवा सर्व्हर तिथेच अडखळतो आणि पुढचं काही दाखवत नाही. होस्टिंगवाल्याला सांगा, पंधरा दिवसांसाठी जुनी आवृत्ती परत लावा. पुष्कळांच्या कंट्रोल पॅनलमध्ये ही सोय असते, तुम्हालाही करता येईल. हा इलाज नाही, बॅकअप घेण्यापुरती मिळालेली सवड आहे. त्या सवडीत दोन गोष्टी उतरवून घ्या: फाइल्सचं फोल्डर आणि डेटाबेस. लोक माझ्याकडे नुसतं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन येतात आणि विचारतात, लेख कुठे गेले? लेख डेटाबेसमध्ये असतात. फोल्डरमध्ये फोटो, थीम आणि प्लगइन एवढंच मिळतं. आणि बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका. घराची दुसरी चावी घरातच टांगून बाहेर पडल्यासारखं होईल ते.

आता मूळ प्रश्न. तुम्ही 'कुठलं सॉफ्टवेअर' असं विचारलंय, पण तुमची साइट सॉफ्टवेअरने बंद पाडलेली नाही. ती सांभाळणारा माणूस निघून गेला आणि त्याच्यानंतर ते काम कोणाच्या नावावर चढलंच नाही. ड्रुपल घेतलंत, भाच्याकडून लिहून घेतलंत, तरी चार वर्षांनी भाचा पुण्याला नोकरीला जाईल आणि आपण परत याच जागी येऊ. म्हणून मी कुठल्याही संस्थेला पहिल्या बैठकीत एकच विचारतो: रात्री अकरा वाजता साइटवर काही झालं तर फोन कोणाचा वाजेल? बहुतेक वेळा सगळे एकमेकांकडे बघतात.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. मी २००७ पासून या धंद्यात आहे. सुरुवात लोअर परळच्या एका गाळ्यात, तिघांत दोन कॉम्प्युटर अशी. पुढे ड्रुपलवर बरंच काम केलं. १५ ऑक्टोबर २०१४ हा दिवस पक्का लक्षात आहे. विधानसभेचं मतदान होतं, म्हणून सुट्टी. त्या रात्री आपल्या घड्याळात साडेनऊच्या सुमारास ड्रुपलच्या सुरक्षा गटाने जाहीर केलं की ड्रुपल ७ मध्ये एक मोठं भोक सापडलंय. लॉगिन न करता कोणीही डेटाबेसमध्ये घुसू शकेल असं. दुरुस्ती एका ओळीची होती, ती त्याच वेळी दिलीही होती. आम्ही तिघंही घरी. निकालाचे अंदाज बघत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ऑफिसला पोहोचल्यावर मेल वाचली आणि साडेअकरापर्यंत सगळ्या साइट्स दुरुस्त केल्या. चहा मागवला. दोन आठवड्यांनी, २९ तारखेला, त्याच गटाचं दुसरं निवेदन आलं: घोषणेनंतर ७ तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपली साइट फुटली आहे असंच धरून चालावं. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. पहिल्या लोकल सुटायची वेळ. आम्ही सात तास उशिरा होतो.

नुकसान दिसत नव्हतं, हा त्यातला खरा त्रास. साइट छान चालत होती. पण चोर आत येऊन मागच्या दाराची कडी काढून गेला असेल तर पुढच्या दाराला नवं कुलूप लावून काय उपयोग? शेवटी १४ तारखेचे बॅकअप शोधून सगळ्या साइट्स त्यावरून पुन्हा उभ्या केल्या आणि मधल्या पंधरा दिवसांचा मजकूर हाताने परत भरला. एका गिऱ्हाइकाचा बॅकअप सप्टेंबरचा निघाला. त्यांना फोन माझ्या भागीदाराने केला, माझी हिंमत झाली नाही.

आता या अनुभवातून तुमच्या निवडीकडे बघा. वर्डप्रेसने ऑक्टोबर २०१३ मध्ये, ३.७ या आवृत्तीत, एक सोय आणली: लहान सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतात. कोणी झोपलेलं असो, मतदानाला गेलेलं असो. रात्री ज्या संस्थेत फोन वाजत नाही, तिच्यासाठी ही एक सोय बाकी दहा वैशिष्ट्यांपेक्षा मोठी आहे. ड्रुपलचं अपडेट बहुधा कंपोझर नावाचं साधन वापरून, कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून केलं जातं. जाणकाराच्या हातात ते फार शिस्तशीर आहे. पण हात जाणकाराचा हवा.

ड्रुपल वाईट आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही. जिथे वीस प्रकारचा मजकूर आहे, पन्नास माणसं लिहितात, प्रत्येकाला वेगळे अधिकार आहेत, तीन भाषा आहेत, तिथे मी आजही ड्रुपलच सुचवतो. विद्यापीठ असेल, सरकारी खातं असेल. तुमच्याकडे कार्यक्रमांच्या घोषणा, फोटो, सभासदत्वाचा अर्ज, वेळापत्रक आणि दिवाळी अंकांची योजना. शिवाय ड्रुपलच्या स्थलांतराचा इतिहास एजन्सीला जरूर विचारा. ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं आणि त्याचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. चौदा वर्षं, म्हणजे कुठल्याही मोजमापाने भरपूर. पण ७ वरून ८ वर जाणं हे अपडेट नव्हतं, घर पाडून नव्याने बांधणं होतं, आणि पुष्कळ छोट्या संस्था तिथेच अडकल्या. ८ पासून पुढच्या उड्या सोप्या झाल्यात हे खरं, तरी दर दोन-तीन वर्षांनी मोठी आवृत्ती बदलायला माणूस आणि पैसा लागतो. एजन्सीने दिलेल्या आकड्यात तो खर्च धरलाय का ते तपासा. बहुधा नसतो.

भाड्याच्या सेवेबद्दल कार्यवाहांना लगेच नाही म्हणू नका. खरंच कोणीही सांभाळणारं नसेल, तुम्हीसुद्धा पुढच्या निवडणुकीनंतर कार्यकारिणीवर नसाल, तर भाडं भरून मोकळं होणं शहाणपणाचं आहे. माझ्यासारखा ओपन सोर्सवाला, म्हणजे खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा, हे सांगतोय, पण मी तीन संस्थांना हेच सुचवलंय. फक्त सही करण्याआधी बाहेर पडायचा रस्ता बघून घ्या. सगळे लेख, फोटो, तारखा एका फाइलमध्ये उतरवून मिळतात का? उतरवलेली फाइल दुसरीकडे चढते का? विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, चाचणीच्या महिन्यात स्वतः करून बघा. आपला मजकूर घेऊन निघता आलं पाहिजे, एवढी एकच अट.

भाच्याचा प्रस्ताव मात्र प्रेमाने नाकारा. मुलगा हुशार असेल. पण लॉगिन, पासवर्ड विसरल्यावर येणारी मेल, फोटो चढवताना त्याच्या आडून कोणी प्रोग्राम चढवत नाही ना याची तपासणी, अर्जातल्या चौकटीत कोणी भलताच कोड लिहिला तर तो निष्प्रभ करणं: ही कंटाळवाणी कामं वर्डप्रेसमध्ये २००३ पासून हजारो लोकांनी चुका करत, दुरुस्त करत घडवली आहेत. वर्डप्रेस स्वतःच 'बी-टू' नावाच्या, मालकाने सोडून दिलेल्या सॉफ्टवेअरवरून पुढे नेलेलं आहे. बी-टू थांबलं तेव्हा त्याचा कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली होता म्हणूनच मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांना तो उचलून पुढे नेता आला. तुमचा कॅनडावासी आणि हा भाचा यांच्या कोडला अशी दुसरी माणसं कुठून मिळणार?

इथे परवान्याबद्दल दोन शब्द, कारण 'फुकट' या शब्दाने फार घोळ होतो. जीपीएल सांगतो की तुम्ही हे वापरा, बघा, बदला, वाटा. जो कोड तुम्ही कोणाला देता, तो देताना त्यालाही हेच हक्क द्या. तुम्ही बदल करून फक्त आपल्या साइटवर चालवलेत तर ते जगाला दाखवायची सक्ती नाही. एजन्सी तुमच्यासाठी वर्डप्रेसची थीम बनवून देते तेव्हा तिचा पीएचपी कोड तुम्हाला बदलायची, दुसऱ्याकडून बदलून घ्यायची मुभा असली पाहिजे. करारात ते लिहून घ्या. आणि पैशाच्या थीम 'फुकट' देणाऱ्या चोरट्या साइट्सपासून लांब राहा. मी उघडून बघितलेल्या अशा थीमपैकी बऱ्याच फाइल्सच्या तळाशी कोणाच्या तरी जाहिरातींचा नाहीतर मागच्या दाराचा कोड होता.

आतापर्यंतचं एकत्र करतो: जुनं पीएचपी परत लावून बॅकअप, वर्डप्रेसच चालू ठेवायचं, आणि सांभाळायला नाव घेऊन एक माणूस. तो माणूस मिळालाच नाही तर भाड्याची सेवा. आता तुमच्या साइटकडे.

'अपडेट केलं की मोडते' असं वाक्य ऐकलं की माझा अंदाज एकच असतो. त्या मुलाने मूळ फाइल्समध्ये बदल केलेत. आपल्याकडे एखादा रहिवासी स्वयंपाकघर मोठं करायला मधला बीम तोडतो ना, तसं. त्याचं स्वयंपाकघर ऐसपैस होतं आणि पुढची सगळी डागडुजी बिल्डिंगला जड जाते. वर्डप्रेसमध्ये हे करायची गरजच नसते. मे २००४ मधल्या १.२ आवृत्तीपासून त्यात हूक आहेत. म्हणजे सॉफ्टवेअर आपलं काम करता करता ठरलेल्या ठिकाणी थांबून विचारतं, 'इथे कोणाला काही करायचंय का?' तुमचा कोड बाहेर, वेगळ्या फाइलमध्ये राहतो आणि त्या ठिकाणी हात वर करतो. मूळ फाइल बदलली तरी तुमच्याला धक्का लागत नाही. थीमचंही तसंच: मूळ थीम हातही न लावता ठेवायची, आपले बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे तिच्यावर बसणाऱ्या वेगळ्या छोट्या थीममध्ये.

काय काय बदललंय हे शोधायला डोळे फोडायला नकोत. डब्ल्यूपी-सीएलआय नावाचं कमांड लाइनचं साधन आहे. त्यातली चेकसम पडताळणीची कमांड मूळ वर्डप्रेसच्या प्रत्येक फाइलची अधिकृत प्रतीशी तुलना करते आणि फरक असलेल्या फाइल्सची नावं देते. वर्डप्रेसच्या अधिकृत ऑनलाइन भांडारातल्या प्लगइनसाठीही तशीच कमांड आहे. थीमसाठी त्याच आवृत्तीची मूळ प्रत उतरवून दोन फोल्डरांची तुलना करा. परवा अशाच एका साइटवर बघितलं, पाच वर्षं ज्या बदलासाठी अपडेट अडवून ठेवलं होतं तो बदल म्हणजे तळटीपेतलं 'पॉवर्ड बाय' काढून टाकणं. एक ओळ! तुमच्याकडे यापेक्षा जास्त असेल, पण फार जास्त नसेल.

हे सगळं चालू साइटवर करू नका. तुमच्या लॅपटॉपवर प्रत उभी करा, तिथे पीएचपी नवं लावा, अपडेट एकेक करून चालवा: आधी प्लगइन, मग थीम, मग मूळ वर्डप्रेस. प्रत्येक पायरीनंतर पाच पानं उघडून बघा. जे प्लगइन मोडतं त्याचं भांडारातलं पान वाचा. 'शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांबरोबर तपासलेलं नाही' अशी पट्टी दिसली की समजायचं, मालक घर सोडून गेलाय. त्याला पर्याय शोधा. २०१७ च्या साइटवर साधारण पंधरा प्लगइन असतात आणि त्यातली खरी लागणारी पाच. स्लाइडर पहिला काढा. (हे माझं वैयक्तिक वैर आहे, पण वाचनालयाच्या साइटवर हलणारे फोटो बघायला कोणी येत नाही. वाचनालय किती वाजता उघडतं ते बघायला येतात, आणि ते तिथे सापडत नाही.)

अपडेट झाल्यावर एक गोष्ट नवी दिसेल. डिसेंबर २०१८ मधल्या ५.० पासून लिहायचा एडिटर बदललाय, ठोकळ्या-ठोकळ्यांनी पान रचायचा. ग्रंथपालांना तो आधी आवडणार नाही. महिनाभर द्या. नाहीच जमला तर जुना एडिटर परत आणणारं अधिकृत प्लगइन आहे.

आता मराठीच्या भानगडी. या इंग्रजी लेखांमध्ये सापडत नाहीत म्हणून जरा जास्त लिहितो.

पहिली, पत्त्याची. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा यूआरएल बनवतं. तो साठवायला डेटाबेसमध्ये २०० अक्षरांची जागा आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलन्त तिथे नऊ रोमन चिन्हांत रूपांतरित होऊन बसतो. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात. 'दिवाळी अंक प्रदर्शन आणि विक्री' असं शीर्षक दिलंत तर 'विक्री'तला नुसता 'व' उरतो, पुढचं कापलं जातं. पान उघडतं, पण व्हॉट्सॲपवर तो पत्ता टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होऊन जातो आणि सभासद विचारतात, हा व्हायरस आहे का? म्हणून पत्ता दर वेळी हाताने, रोमन लिपीत, तीन शब्दांत लिहा.

दुसरी भानगड शोधाची, आणि ही वाचनालयाला फार नडते. 'सुऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: मराठीच्या खास 'ऱ' ने, किंवा साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे. कॉम्प्युटरला वेगळे. तसंच 'ॲ' हे एक अक्षर म्हणून टाइप होतं किंवा 'अ' वर चंद्र ठेवून. एकसंध 'ॲ' युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या सर्वमान्य तक्त्यात) २००८ साली आला, त्यामुळे जुन्या मजकुरात दुसरा प्रकार भरपूर सापडतो. फोनवरून शोधणारा एका प्रकारे टाइप करतो, यादी भरणाऱ्याने दुसऱ्या प्रकारे भरलेली असते, आणि पुस्तक कपाटात असून 'सापडले नाही' असं उत्तर येतं. उपाय छोटा आहे: साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा मजकूर एकाच प्रकारात आणायचा. याकडे परत येतो.

तिसरी, जुन्या फॉन्टची. तुमच्याकडे नव्वदच्या दशकापासूनच्या याद्या, अहवाल असतील तर ते श्रीलिपीसारख्या बिगरयुनिकोड फॉन्टमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. ते साइटवर चिकटवले की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. परिवर्तक मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावीच लागतात. आणि साइटची भाषा सेटिंगमध्ये 'मराठी' करा. नुसते बटणांवरचे शब्द बदलत नाहीत. त्यामुळे पानावर भाषेची खूण जाते आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. फॉन्टसाठी फार लांब जायला नको. 'मुक्ता' हा मुंबईच्याच 'एक टाइप' या गटाने केलेला आहे आणि खुल्या परवान्याखाली मिळतो.

राहिला पुस्तकांच्या यादीचा प्रश्न. तुम्ही 'प्लगइन लिहू का' विचारता, त्याआधी मी विचारतो, यादी कशासाठी हवी? सभासदांना घरबसल्या पुस्तक आहे की नाही एवढंच बघायचंय, की देवघेव, दंड, आरक्षण, सगळं त्यातूनच चालवायचंय? दुसरं असेल तर वर्डप्रेसला त्यात ओढू नका. ग्रंथालयांसाठी 'कोहा' नावाचं स्वतंत्र ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयांचं जुनं सॉफ्टवेअर २००० सालात शिरताना चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी हे बनवून घेतलं, जानेवारी २००० मध्ये वापरायला सुरुवात केली आणि इतरांसाठी खुलं केलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भारतात कॉलेजांच्या ग्रंथालयांत ते पुष्कळ चालतं, त्यामुळे ते जाणणारा ग्रंथपाल मुंबईत मिळेल. देवनागरी चालते, मात्र शोधाची अनुक्रमणिका बसवताना आयसीयू हा युनिकोड मजकुरासाठीचा पर्याय निवडायला सांगा. तो न निवडल्याने मराठी शोध फसलेला मी बघितलाय. कोहाला लिनक्सचा सर्व्हर आणि थोडी देखभाल लागते, ते फुकटात होत नाही.

नुसती यादी शोधायची असेल तर मात्र प्लगइन लिहायला घ्या. खरंच घ्या. एक्सेलमधली यादी आत घेणं, एक शोधाची चौकट, एक निकालाचं पान, आणि वर म्हटलेली 'ऱ' व 'ॲ' ची एकसारखी मांडणी. चारशे-पाचशे ओळींत बसेल. त्यापलीकडे जाऊ लागलात तर थांबा, कारण तुम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ पुढे कोणाला तरी सांभाळायची आहे, आणि ते बहुधा तुम्हीच असाल. तीन सवयी मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या. बाहेरून आलेलं काहीही डेटाबेसला थेट द्यायचं नाही, वर्डप्रेसच्या 'प्रिपेअर' या फंक्शनमधूनच, म्हणजे त्यातला भलता कोड निष्प्रभ करूनच द्यायचं. माझ्या २०१४ च्या गोष्टीतलं ड्रुपलचं भोक नेमकं या पायरीतच होतं, त्यामुळे भल्याभल्यांचं इथे चुकतं हे ध्यानात ठेवा. पानावर काहीही छापताना ते 'एस्केप' करूनच, म्हणजे त्यातली कोडची चिन्हं निष्प्रभ करूनच छापायचं. आणि व्यवस्थापकाच्या प्रत्येक अर्जाला 'नॉन्स' ही ठराविक वेळेपुरती चालणारी खूण लावायची.

तयार झालं की कोड आपल्याकडेच ठेवू नका, भांडारात द्या. तुमच्यासारखी शंभरी ओलांडलेली, मराठी पुस्तकांची, एक्सेलमध्ये यादी असलेली वाचनालयं गिरगावापासून मुलुंडपर्यंत किती असतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यातल्या दोघांनी जरी वापरलं तरी चूक सापडली की सांगणारे डोळे वाढले. मला हे उशिरा उमगलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये पवईला, आयआयटीत, ड्रुपलकॉन एशिया ही ड्रुपलवाल्यांची परिषद भरली होती. शेवटी स्प्रिंट होतं, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून ड्रुपलच्याच चुका दुरुस्त करायच्या. नऊ वर्षं या लोकांचा कोड वापरून पोट भरलं, पण परत एक ओळ दिलेली नव्हती. त्या दिवशी बाजूला बसलेल्या एका मुलीने मला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, कसा पाठवायचा ते शिकवलं. ती कॉलेजात होती. मी चाळिशीला टेकलेलो. माझा पॅच एका संदेशातल्या व्याकरणाच्या चुकीचा होता आणि तो मंजूर व्हायला बराच काळ गेला, पण त्यानंतर मी गिऱ्हाइकांसाठी केलेल्या दुरुस्त्या स्वतःजवळ ठेवणं बंद केलं. त्यात परोपकार फार नाही. जी दुरुस्ती मूळ सॉफ्टवेअरमध्ये गेली, ती पुढच्या अपडेटला मला पुन्हा करावी लागत नाही.

कोड लिहायचा नसेल तर वर्डप्रेसच्या मराठी भाषांतरात भर घालता येते, तिथे माणसं कमी आहेत. वाचनालयातल्या भाषा जाणणाऱ्या निवृत्त मंडळींना हे काम उत्तम जमेल. 'पोस्ट'ला काय म्हणावं यावर वाद घालायला त्यांना आवडेलही.

एक सावधगिरी सांगायची राहिली. कोड खुला असला तरी तो जिथून येतो ते भांडार कोणाच्या तरी हातात असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेस-डॉट-ऑर्गने, म्हणजे हे भांडार जिथे आहे त्या साइटने, डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीची भांडाराकडे जायची वाट अडवली. तिच्या गिऱ्हाइकांची नेहमीची अपडेट त्या भांडणात अडकली, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ती वाट तात्पुरती मोकळी करायला लावली. तुम्हाला याचा थेट त्रास नाही. पण वापरत असलेल्या प्रत्येक प्लगइनची एक प्रत तुमच्या बॅकअपमध्ये असू द्या.

आणि चाव्या. डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, कोणाच्या ईमेलवर नोंदलंय ते आजच बघा. दादरच्या एका संस्थेचं डोमेन जुन्या डेव्हलपरच्या बंद पडलेल्या ईमेलवर होतं. मुदत संपल्याच्या सूचना तिथेच जात राहिल्या, डोमेन सुटलं, दुसऱ्याने घेतलं, आणि संस्थेच्या पन्नाशीच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलेल्या पत्त्यावर सट्ट्याच्या जाहिराती झळकल्या. पत्रिका वाटून झाल्या होत्या. तुमची साइट करून देणाऱ्या त्या मुलाचं ईमेल चालू असेल तर आजच त्याला फोन करा, कॅनडातली वेळ बघून. डोमेन, होस्टिंग, व्यवस्थापकाचं लॉगिन: तिन्ही संस्थेच्या ईमेलवर घ्या आणि त्याचा पासवर्ड कार्यवाह आणि ग्रंथपाल अशा दोघांकडे पाकिटात बंद करून ठेवा. कार्यकारिणीच्या ठरावात 'साइटची देखभाल' या नावाखाली एका व्यक्तीचं नाव आणि वर्षाची रक्कम लिहून घ्या.

जुनं पीएचपी परत लागलं की थीमच्या फोल्डरमधली 'फंक्शन्स' नावाची फाइल उघडा आणि मूळ प्रतीपेक्षा तिच्यात जे वेगळं आहे तेवढं कळवा. पासवर्ड वगैरे काही असेल तर आधी काढा. त्यातलं काय ठेवायचं, काय चाइल्ड थीममध्ये हलवायचं आणि काय फेकून द्यायचं ते ओळीओळीने बघू.